जुन्या कानशीची पहिली सुरी

धाड गावच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या गोठ्यात एका कोपऱ्यात लोखंडाचा ढीग असतोच. वखराची झिजलेली पास, घर बांधताना उरलेली सळई, बैलगाडी मोडली तेव्हा काढून ठेवलेली धाव, पिकअपचा तुटका पाटा, सुताराने टाकून दिलेली कानस. वर्षा-दीड वर्षाने भंगारवाला येतो, काटा लावतो आणि सगळं एकाच भावाने उचलून नेतो. त्या ढिगातलं बरंचसं लोखंड सुरीच्या कामाचं नसतं. पण एखादी वस्तू अशी असते की तिची सुरी केली तर ती घरात वर्षानुवर्षं चालेल. भंगारवाल्याला दोन्ही सारखीच. आपल्याला फरक कळला पाहिजे.

हाताने सुरी करायची म्हटलं की भाता, ऐरण आणि घणाचे घाव डोळ्यांपुढे येतात आणि माणूस तिथेच थबकतो. पहिल्या सुरीला यातलं फारसं काही लागत नाही. लोखंड ठोकून आकार द्यायचा नाही, कापून आणि घासून द्यायचा. आगीचं खरं काम काही मिनिटांचं आहे, आणि ते जमत नसेल तर गावात लोहार आहे. लोखंड पारखून घ्या, कानशीला भरपूर वेळ द्या, आगीशी कमीत कमी खेळा, एवढंच या लेखाचं सांगणं. रोज तासभर दिला तर दोन-तीन आठवड्यांत सुरी हातात येते.

कोणतं लोखंड घ्यायचं, कोणतं सोडायचं

लोखंड पाणी धरतं की नाही, म्हणजे तापवून बुडवल्यावर कडक होतं की नाही, हे त्यातल्या कार्बनवर ठरतं. बांधकामाची सळई, अँगल, पत्रा, गाडीची धाव हे सगळं नरम लोखंड. एफई ५०० जातीच्या टीएमटी सळईत कार्बन ०.३० टक्क्यापेक्षा जास्त नसावा असं भारतीय मानकच सांगतं, कारण सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. असं लोखंड कितीही तापवून बुडवलं तरी सुरीइतकं कडक होत नाही. धार लागते, पण दोन-चार कांदे चिरले की उतरते. सुरीसाठी निदान अर्धा टक्का कार्बन हवा, त्याहून जास्त असला तर उत्तम.

असा माल भंगारात कुठे मिळतो? पहिली जागा म्हणजे झिजलेली कानस. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. रत्नागिरीत तयार होणाऱ्या जेकेच्या किंवा तशाच नावाजलेल्या कंपनीच्या कानशी आरपार कडक असतात. काही हलक्या कानशी मात्र आतून नरम आणि फक्त वरून कडक केलेल्या असतात. सुतार, वेल्डिंगवाला, मोटार रिवाइंडिंगवाला, कोणाकडेही जुन्या कानशी पडलेल्या असतात. दहा इंची चपटी कानस पाच-सहा मिलिमीटर जाड असते, म्हणजे सुरीला जवळजवळ आयती पट्टीच.

दुसरी जागा म्हणजे गाडीचा पाटा. धाड हे बुलढाणा-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. रस्त्यालगतच्या गॅरेजांत तुटके पाटे मिळतात. घाट उतरून मलकापूरला हायवेवर गेलात तर ट्रकचे मिळतील. पाट्याचं पोलाद मजबूत असतं, त्यात कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. अडचण जाडीची आहे. ट्रकचा पाटा दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तो कानशीने उतरवताना हात गळून जातात. म्हणून पाटा ठोकून पातळ करणाऱ्याचा माल आहे. पहिल्या खेपेला तो बाजूला ठेवा.

तिसरी जागा आरागिरणी. लाकूड चिरायच्या रुंद पट्ट्याचा तुटका तुकडा मिळाला तर भाजी चिरायची पातळ सुरी छान होते. तो साधारण मिलिमीटरभरच जाड असतो, त्यामुळे घासायचं काम फार थोडं. पण तापवल्यावर तो लगेच वाकडा होतो, म्हणून नवख्याने जपून. मोटारसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग, बेअरिंगची कडी यांचं पोलादही उत्तम, पण ते गोल असल्यामुळे ठोकावंच लागतं.

सोडून द्यायच्या वस्तूंची यादी पाठच करा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा आगीत घालू नका, त्याचा पांढरा धूर विषारी असतो. क्रोमची चकाकी असलेला भाग नको. बंद शॉकअप, बंद सिलिंडर कधीही तापवू नका; आत कोंडलेला वायू किंवा तेल तापून ते फुटतं. स्टीलची भांडीही नकोत, ती पाणी धरत नाहीत.

या लेखात आपण कानशीची सुरी करणार आहोत. पहिल्या सुरीला तीच सगळ्यात सोयीची.

पारख

कानस हाती आली तरी दोन तपासण्या करा. पहिली ठिणगीची. ग्राइंडरच्या चाकाला कानशीचं टोक टेकवा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेघांसारख्या जातात. जास्त कार्बन असेल तर ठिणग्या चाकाजवळच फुटतात आणि फुलबाजीसारखे बारीक फाटे काढतात. शेजारी सळईचा तुकडा धरून दोन्ही एकापाठोपाठ पाहिलं तर फरक एका नजरेत कळतो.

दुसरी तपासणी तडे शोधायची. जुनं लोखंड वर्षानुवर्षं ताण खाऊन आलेलं असतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. लोखंड स्वच्छ घासा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसून घ्या आणि वरून पांढरा खडू घासा. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं तेल खडूत उतरतं आणि ओली काळसर रेघ उमटते. रेघ दिसली की तो तुकडा भंगारात परत. पाटा वापराल तेव्हा ही तपासणी अजिबात टाळू नका.

आधी नरम, मग आकार

कानस इतकी कडक असते की तिच्यावर दुसरी कानस चालतच नाही. म्हणून आधी ती नरम करावी लागते. गावात याला सोपा उपाय आहे, गोवऱ्या. मोकळ्या जागेत पंचवीस-तीस गोवऱ्या रचा, कानस मधोमध ठेवा, संध्याकाळी पेटवा आणि हात लावू नका. ढीग रात्रभर धुमसत राहतो आणि राखेत लोखंड हळूहळू निवतं. हे हळू निवणंच महत्त्वाचं. घाईने बाहेर काढलं किंवा पाणी शिंपडलं तर सगळी मेहनत वाया. सकाळी राखेतून कानस काढा आणि नव्या कानशीने कोपरा घासून पाहा. कानस चावली, भुसा पडला, म्हणजे काम झालं. घसरली तर पुन्हा एक रात्र.

जागा निवडताना कडब्याची गंजी, सोयाबीनचं कुटार, गोठा यांच्यापासून लांब जा. वाऱ्याचा दिवस टाळा.

आता आकार. पुठ्ठ्यावर सुरी काढा, कापा, हातात धरून पाहा. पहिल्या सुरीचं पातं चार ते पाच इंच, रुंदी इंचभर, एकूण लांबी आठ-नऊ इंच पुरे. टोक फार अणकुचीदार नको. पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत सलग राहू द्या. कानशीची अरुंद शेपटी मुठीत खुपसून केलेली सुरी सोपी दिसते, पण ती हलते आणि कधीतरी निखळते. पातं जिथे मुठीला मिळतं तिथे काटकोन ठेवू नका, हलका गोल ठेवा. पाणी देताना सुरी तडकलीच तर बहुतेक वेळा अशाच टोकदार कोपऱ्यापासून तडकते.

पुठ्ठा कानशीवर ठेवून खिळ्याने रेघ ओढा आणि हॅक्सॉने बाहेरून कापा. ब्लेडचे दात पुढच्या दिशेला हवेत. वळणावर करवत जात नसेल तर ड्रिलने जवळजवळ भोकं पाडा आणि मधला भाग छिन्नीने तोडा. डोळ्यांवर गॉगल आणि पायात बूट हवेतच. ग्राइंडर वापरणार असाल तर चाकावरचं गार्ड काढू नका, आणि गळ्यात रुमाल, हातात सैल बाही, कडं, दोरा काही नको.

कानशीचे जुने दात दोन्ही बाजूंनी पूर्ण घासून काढा. ते शोभेला म्हणून ठेवायचा मोह अनेकांना होतो. पात्यावर तो टाळा, कारण प्रत्येक दाताच्या खाचेत तडा जायला जागा असते. मुठीची भोकंही आत्ताच पाडून घ्या. एकदा पाणी दिलं की ड्रिल चालणार नाही. दोन भोकं पुरतात, पट्टीच्या मधोमध, कडेपासून लांब.

कानशीचं काम

खरी सुरी इथे तयार होते. यासाठी दोन नव्या कानशी विकत घ्या, एक रफ आणि एक स्मूथ. इथे पैसे वाचवू नका. सुरी एका लाकडी फळीवर मुठीच्या भोकांतून स्क्रूने घट्ट बसवा आणि फळी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरा. शेगडा नसेल तर फळी बाजेला किंवा खिडकीच्या गजाला आवळून बांधली तरी चालते, फक्त हलता कामा नये.

धारेच्या कडेवर मार्करने शाई लावा आणि जाडीच्या मधोमध दोन समांतर रेघा ओढा, एकमेकींपासून मिलिमीटरभर अंतरावर. दोन्ही बाजूंनी उतार या रेघांपर्यंतच आणायचा, त्यापलीकडे नाही. धार आत्ताच पातळ केली तर पाणी देताना ती लाटेसारखी वाकते किंवा चिरते. शेवटची धार सगळं झाल्यावर काढायची.

उतार काढताना पात्यावरही शाई फासा. कानस जिथे लागते तिथली शाई जाते, राहिली तिथे अजून उंचवटा आहे. दोन हात चालवा, शाई पाहा, पुन्हा चालवा. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना उचलून घ्या, नाहीतर दात मरतात. दातांत भुसा अडकला की तारेच्या ब्रशने झाडा आणि कानशीला खडू घासून घ्या, मग भुसा चिकटत नाही. एका बाजूला जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूला. हे सांभाळलं नाही तर धार मधोमध न राहता एका अंगाला सरकते आणि सुरी चिरताना तिरकी जाते.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतार दिसायला लागतो. तो पाठीपर्यंत नेण्याचा हट्ट नको, अर्ध्या रुंदीपर्यंत आला तरी सुरी चांगली चिरते. शेवटी स्मूथ कानस आणि मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवा. आडवे, खोल ओरखडे राहू देऊ नका. तडा जायला तेही निमित्त पुरतं.

पाणी देणं

आता आग. लोखंड ठरावीक उष्णतेपर्यंत तापवून झटकन थंड केलं की कडक होतं. ही उष्णता ओळखायची खूण चुंबक आहे. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला गेलं की चुंबकाला चिकटणं थांबतं. भंगारातल्या जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधा आणि पातं लाल झालं की टेकवून पाहा. चिकटलं तर अजून तापवा. चिकटायचं थांबलं की आणखी किंचित, रंगात अगदी अर्धी छटा उजळ होईपर्यंत, आणि बस. नारिंगी-पिवळं होऊ दिलं तर आतला कण जाड होतो आणि सुरी काचेप्रमाणे ठिसूळ बनते. रंग उन्हात कळत नाही. म्हणून हे काम सावलीत किंवा दिवेलागणीला करावं.

भट्टीसाठी वीतभर खोल खड्डा, बाजूने आत सोडलेला साधा लोखंडी पाइप आणि हाताने फिरवायचा पंखा एवढं पुरतं. पाण्याचा जीआय पाइप मात्र नको, त्यावर जस्त असतं. इंधन बाभळीचा कोळसा. पातं निखाऱ्यांत पुढे-मागे सरकवत राहा, म्हणजे टोक आणि धार आधी जळणार नाही. सगळी धार एकसारख्या रंगाची दिसली पाहिजे.

बुडवायचं कशात? पाण्यात नको. कानशीचं पोलाद पाण्यात बुडवून कडक करण्याच्याच जातीचं असलं, तरी पातळ पातं पाण्यात तडकायची भीती फार. सुरीच्या जाडीला कोमट तेल पुरतं. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तीन-चार लिटर तेल एका उंच लोखंडी डब्यात घ्या आणि गरम लोखंडाचा तुकडा बुडवून ते पन्नास-साठ अंशांवर आणा. गार तेलापेक्षा कोमट तेल पातळ असतं आणि पात्याची उष्णता लवकर ओढतं. इंजिनचं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, त्याचा धूर छातीला घातक. प्लास्टिकची बादली तर अजिबात नको.

पातं टोक खाली करून सरळ उभं बुडवा आणि धार-पाठीच्या दिशेने हलवा. आडवं हलवलं तर वाकतं. तेलावर ज्वाळ उठेल, घाबरू नका. शेजारी डब्याचं झाकण तयार ठेवा आणि ज्वाळ राहिली तर झाकून टाका. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही. अंगात सुती कपडे, हातात लांब सांडशी, आणि मुलं अंगणाबाहेर.

पातं निवलं की धारेवर जुनी कानस फिरवा. घसरली, काचेवरून गेल्याचा आवाज आला, तर पाणी धरलं. चावली तर पुन्हा तापवा.

हे सगळं घरी करायचं नसेल तर लोहाराकडे जा. पेरणीच्या आधी आणि सोयाबीन सोंगायच्या तोंडावर त्याच्याकडे विळे, पास, कुऱ्हाडी पाजवायला रांग असते, तेव्हा जाऊ नका. पाल टाकून बसणारे घिसाडी गावात आले असतील तर तेही हे काम करतात. नवरा सांडशीने लोखंड फिरवतो, बायको घण घालते, आणि रंगाचा अंदाज दोघांनाही आपल्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. त्यांना स्पष्ट सांगा की ही कानस आहे, पाण्यात नाही, तेलात बुडवायची. आणि तेलाचा डबा आपला न्या. त्यांच्या वेळेचे पैसे ठरवून द्या, काम छोटं आहे म्हणून फुकट मागू नका.

रंगावरून उष्णता ओळखायची ही विद्या विदर्भात फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, माहूरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळाल्या. त्या अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या. नेपाळात तर आजही गाडीच्या पाट्याची खुकरी घडवतात आणि किटलीने फक्त धारेवर पाणी ओतून तेवढीच कडक करतात, पाठ चिवट राहते. तो हात जमायला वर्षं लागतात. आपण तेलावरच थांबावं.

पाणी उतरवणं

तेलातून निघालेली सुरी धोक्याची असते. ती इतकी कडक असते की हातातून फरशीवर पडली तर दोन तुकडे होतील. म्हणून त्याच दिवशी तिचा थोडा कडकपणा उतरवायचा. उद्यावर टाकलं तर रात्रीत आपोआप तडकूही शकते.

घरात केकची भट्टी, म्हणजे ओटीजी, असेल तर काम सोपं. सुरीवरचं तेल पुसून २०० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवा, निवू द्या, आणि पुन्हा दोन तास. भट्टीचा आकडा नेहमी खरा नसतो, म्हणून आधी सुरीचा छोटा भाग पेपरने चकचकीत करून घ्या. त्या भागावर फिकट गव्हाळ, वाळल्या तणसासारखी छटा आली की बरोबर.

भट्टी नसेल तर जाड लोखंडाचा ठोकळा लाल करा आणि चकचकीत केलेल्या सुरीची पाठ त्यावर टेकवा. रंग पाठीकडून धारेकडे सरकताना दिसतात. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गव्हाळ पट्टा धारेपर्यंत पोहोचला की ताबडतोब पाण्यात. पाठ निळी झाली तर चांगलंच, ती चिवट होते. धार निळी झाली तर मात्र ती नरम पडली, पुन्हा पाणी द्यावं लागेल. इथून पुढे ग्राइंडर लावताना प्रत्येक वेळी सुरी पाण्यात बुडवा. एक क्षण निळा डाग आला तरी तेवढी धार गेली.

मूठ

मुठीला विकतचं लाकूड लागत नाही. मोडलेल्या गाडीच्या चाकाचे आरे, जुन्या तिफणीचं किंवा वखराचं लाकूड बहुधा बाभळीचं असतं. वर्षानुवर्षं वाळलेलं, जड, चिवट. जुन्या चौकटीचं सागवानही चालतं. फक्त कीड लागलेलं आणि ओलं नको, ओली मूठ वाळताना पट्टीपासून सुटते.

अर्धा इंच जाडीच्या दोन फळ्या कापा. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यांची आतली बाजू घासा, उजेडाकडे धरल्यावर पट्टी आणि फळी यांच्यात फट दिसता कामा नये. फळीचं पात्याकडचं टोक चिकटवण्याआधीच गोल आणि गुळगुळीत करा, नंतर तिथे हात पोहोचत नाही. पट्टीतल्या भोकांतूनच फळ्यांना भोकं पाडा. पिनांसाठी हार्डवेअरच्या दुकानातली पितळी सळी किंवा जुन्या अर्थिंगची जाड तांब्याची तार घ्या.

पट्टी पेपरने खरखरीत करा, तेलाचा हात पुसून काढा. अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही नळ्या सारख्या प्रमाणात मिसळून लावा, पिना घाला, आवळा आणि पूर्ण एक दिवस विसरून जा. फार जोराने आवळलं तर चिकटा सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पात्याला आधीच चिकटपट्टी गुंडाळा, सुरी हातात फिरते आणि या टप्प्यावर बोटं कापली जातात. पिनांची टोकं हलक्या हातोडीने ठोकून पसरवा, मग लाकडाच्या कानशीने मूठ हाताला बसेल तशी घासा. भुशाचा त्रास होतो, तोंडाला रुमाल बांधा. मूठ घरात जो सुरी वापरणार त्याच्या हातात देऊन पाहा, तुमच्या हाताचं माप आईच्या किंवा बायकोच्या हाताला बसेलच असं नाही.

शेवटी जवसाचं तेल चोळा. पातळ थर, दुसऱ्या दिवशी आणखी एक, असे चार-पाच. जवसाचं तेल वाळून लाकडावर बसतं, शेंगदाण्याचं तसंच चिकट राहतं. तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

धार आणि सांभाळ

धार लावायचा दगड ओला करा, पातं दगडाला साधारण वीस अंशांच्या कोनात धरा आणि टाचेपासून टोकापर्यंत एका चालीत ओढा. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदला. दोन्हीकडे झालं की हात हलका करत आळीपाळीने एकेक चाल. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं मागे ओढत फिरवा. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला आणि पिकलेला टोमॅटो दाबल्याशिवाय चिरला गेला, तर धार आली.

ही सुरी स्टीलची नाही, तिला गंज चढतो. वापरली की धुवा, लगेच पुसा, मोरीत पाण्यात ठेवू नका. कांदा, लिंबू, कैरी यांनी पातं करडं-काळं पडेल. तो डाग गंजापासून थोडाफार राखतोच, घासून काढायची गरज नाही. लाल गंज दिसला तर मात्र राख आणि चिंधीने घासून तेलाचं बोट फिरवा.

कायद्याचं थोडं

शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी केलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आपली पाच इंची सुरी मापातही बसते आणि कामातही. तरी ती घरात आणि शेतातच ठेवावी. सण, यात्रा, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा खिशात सुरी घेऊन बाजारात किंवा यात्रेत फिरणं महागात पडेल. दुधारी पातं, बटण दाबून उघडणारा चाकू, कट्यारीचा आकार यांच्या वाटेला जाऊ नका. घरात लहान मुलं असतील तर सुरी उंच, म्यानात.

पहिली सुरी देखणी होत नाही. उतार थोडा वाकडा असेल, पिना मागेपुढे असतील. तिने भाजी चिरली, धार आठवडाभर टिकली आणि मूठ हलली नाही, तर ती चांगली सुरी आहे. विकायच्या किंवा कुणाला दाखवायच्या मागे लागू नका, स्वयंपाकघरात द्या आणि महिनाभर वापरू द्या. वापरणारी व्यक्ती ज्या तक्रारी करील त्या लिहून ठेवा, दुसऱ्या सुरीचा आराखडा त्यातूनच निघतो. आणि पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला तर काटा लावायच्या आधी ढीग एकदा स्वतः उपसा. कानशी बाजूला काढून घ्या, बाकीचं त्याला खुशाल देऊन टाका.